गप्प बसलात की फोटो गेला

कोल्हापुरातली एक होतकरू फोटोग्राफर डोळ्यांसमोर आणा. आषाढीआधी ती स्वतःच्या खर्चाने वारीत जाते, रिंगणाचे फोटो काढते. कोणी बोलावलेलं नाही, कोणी पैसे दिलेले नाहीत. परत आल्यावर तिला एका हॉटेलवाल्याचं काम मिळतं. मटण थाळी, तांबडा-पांढरा, सुकं, असे पंचवीस फोटो, आठ हजार रुपये. सगळं फोनवर ठरतं, कागद काही होत नाही. आता या दोन कामांतल्या फोटोंचा मालक कोण? वारीच्या फोटोंची मालकीण ती स्वतः. थाळीच्या फोटोंचा मालक हॉटेलवाला. आणि तोही मेन्यूकार्डापुरता नव्हे, सगळ्याच वापरांसाठी, कॉपीराइटची मुदत असेल तोवर.

फुकट काढलेला फोटो आपला आणि पैसे घेऊन काढलेला दुसऱ्याचा, हे सांगितलं की नव्या फोटोग्राफरांचा विश्वास बसत नाही. त्यांनी यूट्यूबवर नेमकं उलटं ऐकलेलं असतं: शटर ज्याने दाबलं, कॉपीराइट त्याचा. ते खोटं नाही, पण ते बहुतेक वेळा अमेरिकेबद्दल असतं. तिथे पगारी नोकर नसलेल्या फोटोग्राफरने हक्क लिहून दिला नाही, तर तो सहसा त्याच्याकडेच राहतो. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम २ मध्ये फोटो काढणारा हाच फोटोचा कर्ता, असं स्वच्छ लिहिलंय. कलम १७ ची सुरुवातही तशीच: कर्ता हा कॉपीराइटचा पहिला मालक. पण लगेच खाली अपवाद येतात. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. मोबदलाच नसेल तर हा अपवाद लागत नाही. म्हणून वारी तिची आणि थाळी त्याची.

नव्या मुलांना 'दर वाढवा, स्वतःला स्वस्तात विकू नका' असं सांगणारे पुष्कळ आहेत. कार्यशाळांतून, रील्समधून हाच उपदेश चालतो. मला तो अर्धवट वाटतो. ज्याच्या हातात अजून दहा कामं नाहीत, त्याला दर वाढवता येत नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. मात्र फोटो कुठे, किती काळ आणि कोणी वापरायचा, हे पहिल्या कामापासून ठरवता येतं. आणि ते ठरवलं नाही, तर आपला कायदा ते परस्पर गिऱ्हाइकाच्या बाजूने ठरवून टाकतो. म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे. नवोदितांनी दराआधी वापराचं बोलावं. आणि संसदेने व्यावसायिक कामांपुरता हा अपवाद उलटा करावा.

हा अपवाद आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. आपला कायदा ब्रिटिश साच्यातला. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्यातही फोटोची मालकी ऑर्डर देणाऱ्याकडे होती. त्या काळात ते समजण्यासारखंही होतं. सांगून काढलेला फोटो म्हणजे बहुधा स्टुडिओत जाऊन काढलेला कुटुंबाचा नाहीतर नवरा-नवरीचा फोटो. तो स्टुडिओवाल्याने तिसऱ्याला विकू नये, ही काळजी रास्त होती. पण ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात हे उलटवलं. मालकी फोटोग्राफरला दिली आणि घरगुती कारणासाठी फोटो काढून घेणाऱ्याला वेगळं संरक्षण दिलं, की त्याच्या मर्जीविरुद्ध तो फोटो लोकांसमोर आणता येणार नाही. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये घरगुती काम आणि बाकीचं काम अशी सरळ विभागणी केली. कॅनडाने २०१२ मध्ये आपल्याकडची जुनी तरतूद काढून टाकली.

त्याच २०१२ मध्ये आपल्या कायद्यातही मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला, जो निर्मात्याला लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते. त्यांनी बाजू जोरात मांडली आणि सभागृहाने ती ऐकली. फोटोग्राफरांची बाजू मांडायला तिथे कोणी नव्हतं. तरी त्यांना एक गोष्ट मिळाली: फोटोच्या कॉपीराइटची मुदत आधी प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, ती आता फोटोग्राफरचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं अशी झाली. कलम १७ मधला अपवाद मात्र जागचा हलला नाही. त्यामुळे गंमत अशी झालीय, की मालकी हॉटेलवाल्याची आणि मुदत मोजायला आयुष्य मात्र फोटोग्राफरचं. तिने जितकं जास्त जगावं, तितका फायदा त्याचा.

आणखी एक विसंगती. वर्तमानपत्रात पगारावर असलेला फोटोग्राफर घ्या. त्याच कलमानुसार त्याने नोकरीत काढलेल्या फोटोवर मालकाचा हक्क फक्त वर्तमानपत्रं-नियतकालिकांत छापण्यापुरता. पुस्तक, प्रदर्शन, बाकी सगळं वेगळा करार नसल्यास त्या फोटोग्राफरचं. दर महिन्याला पगार, रजा आणि प्रॉव्हिडंट फंड मिळवणाऱ्याला कायदा हे राखून देतो, आणि कॅमेऱ्याचा हप्ता स्वतः भरणाऱ्या फ्रीलान्सरला काहीच राखून देत नाही. (नेमणूकपत्रात बहुतेक मालक हेही काढून घेतात, ते सोडा.) आता कलम १९ पाहा. हक्क लेखी हस्तांतरित केला आणि कागदावर मुदत लिहायची राहिली, तर तो पाचच वर्षांसाठी दिला असं धरलं जातं. प्रदेश लिहायचा राहिला, तर भारतापुरता. म्हणजे वारीचा फोटो रीतसर कागद करून विकत घेणारा माणूस दोन ओळी विसरला, तर पाच वर्षांनी त्याचा हक्क संपतो. कागदच न करता थाळीचा फोटो काढून घेणाऱ्याचा हक्क पिढ्यान् पिढ्या चालतो. व्यवहार नीट करणाऱ्याला कमी आणि न करणाऱ्याला जास्त, असा हा न्याय.

आता पैशांकडे वळू, कारण मालकीची किंमत कळल्याशिवाय हा सगळा कीस कोरडा वाटेल.

समजा, बॉडी, दोन-तीन लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप मिळून चार लाखांचं सामान आहे आणि ते पाच वर्षांत बदलावं लागणार. वर्षाला ८०,००० झाले. दुरुस्ती, हार्ड डिस्का, सॉफ्टवेअरचं भाडं, विमा, प्रवास, फोन-इंटरनेट धरून वर्षाला १,२०,००० ठेवा. स्वतःला महिना ३०,००० पगार धरा. शहरात राहणाऱ्याला हा फार नाही. वर्षाचे ३,६०,०००. एकूण ५,६०,०००. यात स्टुडिओचं भाडं नाही, आजारपण नाही. आता काम किती दिवस? कॅमेरा हातात असतो तो एक दिवस. त्यामागे सिलेक्शन, एडिटिंग, 'जरा हा उजळ करा'ची दुसरी फेरी, पैशांसाठी फोन, यांत दोन-तीन दिवस जातात. पावसाळ्यात लग्नं नाहीत, पितृपक्षात कोणी नवं काही सुरू करत नाही. नवख्या माणसाला वर्षात शूटचे ८० दिवस मिळाले, तर तो नशीबवान. भागाकार केला की दिवसाला ७,००० रुपये येतात. नफा शून्य.

हॉटेलवाल्याने दिले आठ हजार. म्हणजे तिचा खर्च आणि पगार निघाला, वर हजार रुपये उरले. पंचवीस फोटोंच्या कायमच्या, सर्व वापरांच्या मालकीची किंमत पडली हजार रुपये. फोटोला चाळीस. पुढच्या वर्षी तोच थाळीचा फोटो महामार्गावरच्या होर्डिंगवर चढला, मग पुण्यात शाखा निघाली तिच्या पाटीवर गेला, मग मसाल्याच्या पाकिटावर छापला गेला, तर या चाळीस रुपयांत एक पैसा वाढत नाही. होर्डिंगच्या जागेचं भाडं दर महिन्याला दिलं जातं, फ्लेक्स छापणाऱ्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, पाकीट छापणाऱ्याला नगावर. ज्या चित्राकडे बघून गाडी थांबते, ते चित्र काढणारीच एकटी या साखळीत एकदाच पैसे घेऊन बाहेर पडलेली असते.

म्हणून दिवसाचा दर हा किमतीचा एक भाग झाला: श्रम आणि सामानाचा. दुसरा भाग वापराचा. मेन्यूकार्डावरचा फोटो आणि होर्डिंगवरचा फोटो हा एकच फोटो असला, तरी गिऱ्हाइकाला त्यातून होणारा लाभ एक नाही, मग किंमत एक का असावी? मोठ्या शहरांतल्या जाहिरात संस्था हे जाणतात. कुठल्या माध्यमात, किती काळ, कुठल्या प्रदेशात, यावर तिथे बोलणी होतात. सातारा, लातूर, जळगावच्या बाजारात मात्र ही भाषाच पोचलेली नाही. तिथे पॅकेज असतं: इतके तास, इतके फोटो, पेनड्राइव्ह हातात.

यावर हमखास उत्तर येतं: मी असलं काही बोललो तर पार्टी दुसऱ्याकडे जाईल, तो निम्म्यात करून देईल. रेट पाडणारे सगळीकडे आहेत, हे खरंच आहे, आणि त्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. त्यांतले बरेच स्वतःच नवखे असतात आणि आपला तोटा त्यांना अजून कळलेला नसतो. पण माझा सल्ला या अडचणीला धरूनच आहे. दर वाढवता येत नसेल तर वाढवू नका. आठ हजारांतच करा. फक्त आठ हजारांत देताय काय, ते लहान करा. मेन्यूकार्ड, हॉटेलची स्वतःची इन्स्टाग्राम-फेसबुक पानं आणि डिलिव्हरीची अ‍ॅप्स, एक वर्ष. बस. हॉटेलवाल्याला आज एवढंच हवं असतं. होर्डिंग त्याच्या डोक्यातही नसतं, त्यामुळे त्यावर तो भांडत नाही. उद्या धंदा वाढून होर्डिंग आलं, की त्याच्याकडे पैसे असतील आणि तुमच्याकडे बोलायला आधार असेल.

यासाठी वकील लागत नाही. कलम १७ मधल्या 'वेगळ्या करारा'ला स्टॅम्पपेपरची अट घातलेली नाही. वकिलाने केलेला करार उत्तमच, पण आठ हजारांच्या कामाला तो परवडणार नाही. शूटच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवलं तरी कोऱ्या पाटीपेक्षा पुष्कळ बरं:

'नमस्कार दादा, काल बोलल्याप्रमाणे लिहून पाठवते. पंचवीस फोटो, ८,००० रुपये. निम्मे आधी, निम्मे फोटो देताना. वापर मेन्यूकार्ड, हॉटेलची स्वतःची सोशल मीडिया पानं आणि डिलिव्हरी अ‍ॅप्ससाठी, एक वर्ष. होर्डिंग, पेपरातली जाहिरात, दुसरी शाखा किंवा पॅकिंगसाठी लागले तर तेव्हा वेगळं ठरवू. कॉपीराइट माझ्याकडे राहील. चालत असेल तर ओके पाठवा, म्हणजे तारीख धरते.'

महत्त्वाची गोष्ट एकच: हे शूटच्या आधी गेलं पाहिजे आणि त्यावर समोरून होकार आला पाहिजे. काम झाल्यावर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं 'सर्व हक्क राखीव' कोर्टात फारसं तगत नाही, कारण तोवर मालकी जाऊन बसलेली असते. हल्ली मी आणखी एक ओळ सुचवतो: हे फोटो एआयला शिकवण्यासाठी किंवा त्यांवरून नवी चित्रं बनवून घेण्यासाठी वापरायचे नाहीत. एकदा काढलेल्या तीस साड्यांच्या फोटोंवरून पुढच्या तीनशे साड्यांचा कॅटलॉग फोटोग्राफरशिवाय बनू लागला आहे. त्या पहिल्या तीस फोटोंची किंमत मग तीस फोटोंची उरत नाही.

गिऱ्हाइकाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. 'पैसे मी दिले, जेवण माझं, हॉटेल माझं, आणि फोटो तुझे कसे?' मंगल कार्यालय एका दिवसासाठी घेतलं, पूर्ण भाडं भरलं, म्हणून ते आपल्या नावावर होत नाही, हे त्याच दादांना नीट कळतं. पण त्यांची खरी भीती वेगळी असते. फोटोग्राफर उद्या हेच फोटो शेजारच्या हॉटेलला विकेल, किंवा पाकीट छापून झाल्यावर अडवून बसेल आणि मागेल ते पैसे घेईल. ही भीती खोटी नाही. असे फोटोग्राफर असतात. तिचं उत्तरही लिहूनच देता येतं: हे फोटो दुसऱ्या कोणत्याही हॉटेलला देणार नाही, आणि वाढीव वापराचा दर आजच ठरवून ठेवते. ज्या उद्योगाला पूर्ण मालकीच हवी, त्याने ती जरूर घ्यावी. कंपनीचा लोगो, उत्पादनाचं पाकीट यांसाठी ती हवीशी वाटणं साहजिक आहे. त्याने ती मागावी आणि तिचे पैसे द्यावेत, एवढंच. आज ती न मागता, न मोजता मिळते.

लग्नाच्या फोटोंबाबत मात्र मी फोटोग्राफरांच्या बाजूने उभा नाही. तिथे १९५६ चा विचार आजही बरोबर आहे. हळदीला भिजलेली नवरी, पाठवणीत रडणारा बाप, पंगतीत घास घेणारी आत्या, या चित्रांचा व्यवसायासाठी वापर करण्याचा हक्क फोटोग्राफरला आपोआप का मिळावा? कायद्याने तो आज मिळतही नाही; मालक ऑर्डर देणारं कुटुंब असतं. तरी सर्रास दिसतं काय, तर घरच्यांनी अल्बम पाहण्याआधीच रील तयार, गाणं लावलेलं, नवरीच्या नावाचा हॅशटॅग. काही ठिकाणी तर उलटाच धंदा आहे: 'फोटो आमच्या पानावर टाकायचे नसतील तर जादा पैसे पडतील.' स्वतःच्या लग्नाचं खासगीपण विकत घ्यायला लावायचं, हे मला निर्लज्जपणाचं वाटतं. सरळ रीत अशी, की दर ठरलेला; कुटुंबाने चार-पाच फोटो दाखवायला लेखी संमती दिली, तर त्यातून काही सूट. पोर्टफोलिओ ही फोटोग्राफरची गरज आहे, तर तिचा भार त्यानेच उचलावा.

हाच प्रश्न वारीत अधिक टोकदार होतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईचा फोटो आपल्या कोल्हापूरच्या फोटोग्राफरने काढला, कॉपीराइट त्या फोटोग्राफरचा, ठीक. वर्तमानपत्रात छापला, प्रदर्शनात लावला, तरी कोणाची हरकत असण्याचं कारण नाही. पण एखाद्या बिल्डरने तो एकादशीच्या शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी मागितला, तर? कॉपीराइट फोटोचा असतो, चेहऱ्याचा नव्हे. एखाद्याचं नाव किंवा प्रतिमा संमतीवाचून जाहिरातीत वापरणं हा खासगीपणावरचा घाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यातच मान्य केलं आहे, आणि २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला. फोटो विकणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉक साइट म्हणूनच जाहिरातीच्या वापरासाठी मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची सहीची संमती मागतात. पंढरीच्या वाटेवर ती कोण घेतं? आषाढीच्या आठवड्यात बँका, पुढारी आणि गृहप्रकल्प यांच्या जाहिरातींत जे सुरकुतलेले, प्रसन्न चेहरे दिसतात, त्यांतल्या कितीजणींना आपण फ्लॅट विकतोय हे माहीत असेल? आपला हक्क मागणाऱ्या फोटोग्राफरने हा हक्कही मानला पाहिजे, नाहीतर त्याची तक्रार पोकळ ठरते. चेहरा ओळखू येत असेल तर जाहिरातीला द्यायचा नाही, एवढा नेम धरला तरी पुरे. पाठमोऱ्या दिंड्या, टाळ, धुळीने माखलेले पाय यांना संमती लागत नाही.

'क्रेडिट देऊ' याबद्दल थोडक्यात. नाव देणं हा मोबदला नव्हे. ते कर्त्याला कायद्यानेच मिळालेलं आहे. कलम ५७ नुसार कॉपीराइट विकला गेला, तरी 'हे माझं काम आहे' असं म्हणण्याचा आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. या कलमाचा दिल्ली उच्च न्यायालयाने लावलेला कस प्रसिद्ध आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून अडगळीत टाकलं. २००५ मध्ये न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई. शिल्प सरकारच्या मालकीचं असूनही. होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. या बाई पुढे देशाच्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. नाव नसलं की काय जातं, हे त्यांच्या उदाहरणावरून कळतं. पण नावावर घर चालत नाही, हेही तितकंच खरं. फोटोवरचं नाव किंवा वॉटरमार्क कापून वापरणाऱ्यांसाठी २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ब आलं आहे. हक्काची माहिती जाणूनबुजून पुसणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यवहारात कैदेपर्यंत कोणी जात नाही, पण नोटिशीत या कलमाचा उल्लेख असला की पेज चालवणारे लगबगीने फोन करतात. अशा वेळी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, हाती असणं हा सगळ्यात मोठा पुरावा. म्हणून रॉ फाइल द्यायची असेल तर वेगळे पैसे घ्या, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवल्याशिवाय देऊ नका. दाव्यासाठी मुंबई-दिल्लीला जावं लागेल अशी समजूतही चुकीची आहे: कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात तो लावता येतो.

पैसे अडकण्याचा प्रश्न कॉपीराइटच्या बाहेरचा, पण नव्या माणसाला तोच आधी भेटतो. 'उद्यम' ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी फुकट आणि ऑनलाइन होते. ती असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की कंपन्यांच्या हिशेब खात्यात ते बिल वेगळ्या गठ्ठ्यात जातं, कारण मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

एक गोष्ट फोटोग्राफरांना आवडणार नाही. नवोदित बहुतेक वेळा सुरुवात करतो ती सेकंड शूटर म्हणून. मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली दिवसाचे दोन-तीन हजार, जेवण तिथेच, कार्ड रात्री काढून द्यायचं. त्याने टिपलेला क्षण 'सरांच्या' नावाने पानावर चढतो, आणि स्वतःच्या पोर्टफोलिओत टाकला तर सर फोन करतात. कायदा इथेही त्या सरांचीच किंवा लग्नघराचीच बाजू घेतो: सांगितलं दुसऱ्याने, मोबदला दिला, फोटो गेला. जे लोक गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडतात, तेच आपल्या हाताखालच्या पोराशी तसंच वागतात. मुलाच्या दोन फोटोंखाली त्याचं नाव लावायला काही खर्च येत नाही. छायाचित्रकारांच्या जिल्हा संघटना 'ठरलेल्या रेटखाली कोणी काम करू नये' असे ठराव करतात; ते कोणी पाळत नाही. त्यांनी त्याऐवजी दोन छापील नमुने काढावेत, एक गिऱ्हाइकासाठी आणि एक सेकंड शूटरसाठी, सोप्या मराठीत, पानभराचे. त्यांचा उपयोग जास्त होईल.

कायद्यातला बदल फार मोठा लागत नाही. कलम १७ मधल्या त्या अपवादातला फोटोंबद्दलचा भाग घरगुती आणि खासगी कामापुरता मर्यादित करावा. कुटुंबाची मालकी कायम राहावी. हॉटेल, कंपनी, दवाखाना, शाळा, राजकीय पक्ष यांनी काढून घेतलेल्या फोटोंची मालकी फोटोग्राफरकडे राहावी, आणि ज्या कामासाठी फोटो काढून घेतला त्या कामासाठी तो वापरण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आपोआप मिळावा. जास्त हवं असेल त्याने लिहून घ्यावं. लिहिण्याची जबाबदारी आज मुलाखतीला आल्यासारख्या बसलेल्या मुलीवर आहे. ती ज्याच्याकडे मुनीम, सीए आणि वकील असतो त्याच्यावर टाकायची, इतकाच हा बदल.

तोवर निदान सार्वजनिक संस्थांनी तरी वेगळं वागावं. महापालिका, पर्यटन आणि संस्कृतीशी संबंधित विभाग हौशी-नवोदितांसाठी छायाचित्रस्पर्धा घेतात: किल्ले, गणेशोत्सव, पावसाळा, वारसावास्तू. बक्षीस काही हजारांचं, आणि अटींत एक ओळ: पाठवलेले सर्व फोटो आयोजकांना कायमस्वरूपी, विनामोबदला वापरता येतील. बक्षीस मिळालेलेच नव्हे, सर्व. हे फोटो कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेले नसतात. वारीच्या फोटोंसारखे ते पूर्णपणे त्या मुलामुलींचे असतात. म्हणजे जिथे कायदा फोटोग्राफरच्या बाजूने उभा आहे, तिथे अटी घालून तो हक्क काढून घेतला जातो, आणि ही वसुली करते जनतेच्या पैशावर चालणारी संस्था. वापर फक्त बक्षीसपात्र फोटोंचा, स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरता, एक वर्ष, नावासह. त्यापलीकडे लागला तर दर देऊन. अटींतली ती ओळ बदलायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. पुढची जाहिरात छापायला जाण्याआधी त्या विभागातला अधिकारीसुद्धा ती बदलू शकतो.